यंत्र मिळाले, सेल कुणी आणायचा?

सोलापूरहून तुळजापूरकडे निघाले की महामार्गालगत तामलवाडी लागते. कोजागरीला याच रस्त्याने हजारो भाविक पायी तुळजापूर गाठतात. एरवी ट्रक आणि एसटीची घरघर दिवसभर चालू असते. अशा गावातल्या वर्गात कानाला यंत्र लावलेले मूल बसले तर गुरुजींचे किती शब्द त्याच्यापर्यंत पोहोचतील? दिव्यांग मुलांच्या शिक्षणात तंत्रज्ञानाने क्रांती होणार, असे कुणी म्हणाले की मला आधी हा प्रश्न आठवतो.

श्रवणयंत्र आवाज मोठा करते. साध्या यंत्राला बोलणे आणि गोंगाट यांतला फरक फारसा कळत नाही. पंखा, बाक सरकणे, बाहेरचा हॉर्न, सगळेच वाढते. दोन-तीन हातांवरून बोललेले ते बरे पकडते, फळ्याकडे तोंड करून बोललेले निसटते. म्हणून मुलाला पुढच्या बाकावर, रस्त्याकडच्या खिडकीपासून लांब बसवणे आणि त्याच्याकडे पाहून बोलणे हा त्या यंत्राच्या वापराचाच भाग आहे.

मग सेल. कानामागच्या यंत्रात बहुधा बटणाएवढा झिंक-एअर सेल असतो. त्यावरचे स्टिकर काढले की हवा आत शिरून तो सुरू होतो आणि पुढे यंत्र बंद ठेवले तरी झिजत राहतो. रोज वापरले तर एक ते तीन आठवडे चालतो. गावातल्या किराणा दुकानात पेन्सिल सेल मिळतो, हा सहसा मिळत नाही. त्यासाठी शहर गाठायचे म्हणजे बापाचा रोजगार बुडतो. कानात बसणारा साचाही कायमचा नसतो. मूल वाढते, कान वाढतो, साचा सैल होतो आणि यंत्र शिट्टी मारू लागते. वर्ग हसतो. मूल यंत्र काढून दप्तरात ठेवते. घरचे समजतात, पोराला मशीन मानवली नाही. कागदोपत्री मात्र त्या मुलाला साधन मिळालेले असते.

साधने देण्याची व्यवस्था आपल्याकडे नवी नाही. केंद्राची एडिप योजना १९८१ पासून चालू आहे. मोजमाप शिबिर होते, काही महिन्यांनी वाटप होते, फोटो निघतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ३१ सांगते की ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. समग्र शिक्षा योजनेत अशा मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे. तेव्हा कायदाच नाही, पैसाच नाही, असे म्हणता येत नाही. वाटपाची तारीख नोंदली जाते. तीन महिन्यांनी यंत्र चालू आहे का, हे मात्र क्वचितच कुणी विचारते. फिरत्या विशेष शिक्षकाकडे इतक्या शाळा असतात की प्रत्येक मुलाकडे तो वारंवार पोहोचूच शकत नाही. रोज भेटतो तो वर्गशिक्षकच, आणि सेल बदलायला त्याला अर्ध्या तासात शिकवता येईल.

अंध मुलांच्या बाबतीत तर किमतीची सबबही उरलेली नाही. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ मध्ये सुरू केलेले एनव्हीडीए हे संगणकाचा पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि ते मराठी वाचते. अँड्रॉइड फोनमध्ये असेच पडदा वाचून दाखवणारे टॉकबॅक असतेच. अडते कुठे? स्वाध्याय पानाचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला जातो, प्रश्नपत्रिका जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात टाइप होते. वाचक-सॉफ्टवेअर त्यावर निरर्थक अक्षरे बडबडते किंवा गप्प बसते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने अशा मुलांसाठी पुस्तके सुलभ रूपात करायला मुभा दिली. अशाच सुलभ पुस्तकांसाठीचा आंतरराष्ट्रीय मराकेश करार मान्य करणारा भारत २०१४ मध्ये जगातला पहिला देश ठरला. दिल्लीने दार उघडले आणि आपण फाँट बदलला नाही! युनिकोडमध्ये टाइप करायला एक रुपयाही लागत नाही.

फोन आला म्हणून ब्रेलची पाटी अडगळीत टाकणे मात्र मला मुळीच पटत नाही. केवळ ऐकून शिकलेल्या मुलाला ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतली वेलांटी कुठून कळणार? शुद्धलेखन, गणिताची मांडणी, स्वतःचे लिहिलेले पुन्हा तपासणे यांसाठी अक्षर बोटाखाली यावे लागते. भारती ब्रेल १९५१ पासून आहे आणि तिला वीज लागत नाही. भारनियमनाच्या मुलखात ही मोठी गोष्ट आहे.

तामलवाडीत असा किंवा दुसऱ्या कुठल्या गावात, तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीवर असाल तर पुढच्या बैठकीत तीन गोष्टी विचारा. आपल्या शाळेत साधन मिळालेली मुले किती, त्यांतली किती साधने आज चालू आहेत आणि सेलचे पाकीट शाळेच्या कपाटात आहे का. नसेल तर त्याच बैठकीत पैसे मंजूर करून घ्या.