खेळ आणि क्षेपक

न्यू टाउनमध्ये राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांकडे मागील पावसाळ्यात आम्ही चहास गेलो होतो. बाहेर रस्त्यावर पाणी साचलेले, निघण्याची घाई करण्यात अर्थ नव्हता. तेव्हा त्यांच्या बारा वर्षांच्या चिरंजीवांनी आम्हांस आपल्या फोनवर बस चालवून दाखविली. खेळ इंडोनेशियातला; 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' असे त्याचे नावच आहे. रस्ते तिकडचे, पाट्या तिकडच्या; परंतु त्या रस्त्यांवरून धावत होती ती आपली लाल एस. टी.! कपाळावर 'स्वारगेट–महाबळेश्वर' अशी पाटी. या मुलाने एस. टी. पाहिली असेल ती मे महिन्याच्या सुटीत आजोळी गेल्यावरच. तिला परक्या मुलखातील माडांमधून वळणे घेताना पाहून आम्हां दोघा वडीलधाऱ्यांना क्षणभर भरून आले, हे कबूल करण्यास हरकत नाही. "हे तू केलेस?" "हो, काका." आम्ही त्याची पाठ थोपटली.

चहाचा दुसरा पेला येईतो खरी हकीकत बाहेर आली. बसचे चित्र कोणा अपरिचित मराठी मुलाने तयार करून ज्याला हवे त्याला फुकट वाटले होते. आमच्या चिरंजीवांनी त्यात पाटी बदलली, आणि मागच्या काचेवर बारीक अक्षरांत असलेले त्या मुलाचे नाव पुसून टाकले. "ही चोरी झाली," असे त्याचे वडील म्हणाले. आम्ही गप्प बसलो. त्या मुलाने काही चुकीचे केले हे आम्हांलाही जाणवत होते. पण चोरी म्हणावी तर नेमके काय चोरले, हे सांगता येईना.

मूळ खेळाच्या घडणीत खेळणारांनीच केलेल्या अशा फेरफारांस 'मॉड' म्हणतात. गेली तीसएक वर्षे खेळांचे प्रकाशक आणि हे फेरफार करणारे यांच्यात जगभर वाद चालू आहेत, आणि त्यांपैकी कित्येक न्यायालयात गेले आहेत. मुलांच्या खेळण्यावरून मोठ्यांनी मांडलेली भांडणे म्हणून ती सोडून देणे सोपे आहे. आम्हांला मात्र त्यांत एक जुनाच प्रश्न नव्या वेषात दिसतो. दुसऱ्याने घडविलेल्या वस्तूत आपण काही घातले, तर त्या घातलेल्याचे नाते कोणाशी?

या प्रश्नाच्या जवळपास जाणारा एक गाजलेला खटला आमच्या याच कलकत्ता शहरातून निघाला होता. येथील रजत व जयंत अगरवाला या भावांनी इंग्रजी शब्द जुळविण्याचा 'स्क्रॅबल' हा खेळ दूरदूरच्या माणसांना एकमेकांशी खेळता यावा अशा रूपात संगणकावर आणला, आणि त्याला 'स्क्रॅब्युलस' हे नाव दिले. 2007 मध्ये तो फेसबुकवर आला आणि रोज लक्षावधी माणसे तो खेळू लागली. स्क्रॅबलचे हक्क अमेरिका व कॅनडा येथे हॅस्ब्रो कंपनीकडे आणि उरलेल्या जगात मॅटेल कंपनीकडे. हॅस्ब्रोने जुलै 2008 मध्ये न्यूयॉर्कला दावा लावला आणि काही दिवसांतच त्या दोन देशांतील खेळणारांना स्क्रॅब्युलसचे दार बंद झाले. मॅटेल दिल्ली उच्च न्यायालयात आली. तेथे न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी 17 सप्टेंबर 2008 रोजी अंतरिम अर्जावर जो निर्णय दिला, तो आमच्या मते मुळातून वाचण्यासारखा आहे. स्क्रॅबलचा पट, त्यावरील रंगीत घरांची मांडणी, खेळाचे नियम यांवर कॉपीराइट सांगता येत नाही, असे त्यांचे मत पडले. कारण तेथे कल्पना आणि तिची अभिव्यक्ती इतकी एकजीव आहेत की, अभिव्यक्तीवर मालकी दिली तर कल्पनाच एकाच्या मुठीत जाईल. परंतु 'स्क्रॅबल' हे नाव कंपनीचे व्यापारचिन्ह आहे, त्याच्याशी मिळतेजुळते नाव घेऊन व्यवहार करण्यास त्यांनी मनाई केली. म्हणजे खेळ खेळा, त्याचे नवे रूप घडवा. नाव मात्र आपले घ्या. हॅस्ब्रोचा वादही त्याच वर्षाअखेर तडजोडीने मिटला, आणि त्या भावांचा खेळ 'लेक्स्युलस' या नावाने पुढे चालू राहिला.

येथे मूळ कर्त्याचीही आठवण काढली पाहिजे. हा खेळ ज्याने काढला तो आल्फ्रेड बट्स हा महामंदीत काम गमावून बसलेला वास्तुकार होता. वर्तमानपत्रांची पाने पुढे घेऊन त्याने कोणते अक्षर किती वेळा येते हे मोजले आणि त्यावरून अक्षरांच्या किमती ठरविल्या. त्याने आधार घेतला तो शब्दकोड्यांचा, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या खेळाचाच. 'स्क्रॅबल' हे नावसुद्धा त्याने दिलेले नव्हे. ते 1948 मध्ये जेम्स ब्रुनो याने दिले. न्यायालयात ज्या एका गोष्टीचे रक्षण झाले ती, गंमत अशी की, मूळ कल्पकाची नव्हतीच.

तरीही नावाचे रक्षण झाले हे योग्यच झाले असे आम्हांस वाटते, आणि त्याचे कारण आम्हांस कायद्यात न सापडता पैठणास सापडते. शके 1506 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती गोळा करून पाठ शुद्ध केला. तीनशे वर्षांच्या हस्तलेखनात ठिकठिकाणी लोकांनी आपल्या ओव्या ज्ञानदेवांच्या म्हणून घुसडल्या होत्या. पुढील कोणी तसे करू नये, असे नाथांनी बजावून ठेवले. पण हेच नाथ भागवताच्या एकादश स्कंधावर हजारो ओव्या लिहितात, रामायण आपल्या परीने पुन्हा सांगतात. ज्ञानेश्वरी तरी काय, गीतेवरच उभी आहे. तेव्हा पूर्वसूरींच्या कृतीवर आपली कृती उभारणे हा अपराध असता, तर मराठी वाङ्मय जन्मासच आले नसते. अपराध आहे तो क्षेपकाचा: आपले ते दुसऱ्याच्या नावावर खपविणे. आणि याची उलट बाजूही तितकीच खरी धरली पाहिजे: दुसऱ्याचे ते आपल्या नावावर चढविणे. दिल्लीच्या निकालाने पहिली बाजू सांभाळली. दुसरीकडे कायद्याचे लक्ष फारसे जात नाही, आणि नेमकी तेथेच प्रकाशकांची बाजू लंगडी पडते.

अमेरिकेत 1998 साली निकालात निघालेला 'ड्यूक न्यूकेम' या खेळाचा वाद पाहावा. त्या खेळाबरोबर नवी रणांगणे रचण्याचे साधनही दिलेले होते आणि खेळणारांनी ती रचून एकमेकांस फुकट द्यावी असे उत्तेजनही होते. मायक्रो स्टार नावाच्या कंपनीने अशी 300 रणांगणे एका तबकडीत भरून विकण्यास काढली. अपील न्यायालयाने मूळ प्रकाशकाच्या बाजूने कौल दिला: ही मूळ कथेची उत्तरकथानके आहेत, आणि ती विकण्याचा अधिकार मूळ मालकाचा. निकाल आम्हांस मान्य आहे. मायक्रो स्टारने स्वतः रचले होते तरी काय? परंतु ज्या खेळणारांनी रात्री जागून ती 300 रणांगणे रचली, ते त्या वादात पक्षकार नव्हते. दोन व्यापारी त्यांच्या श्रमांवरून भांडले, आणि त्यांची नावे निकालाला लागलीच नाहीत.

पुढे तर प्रकाशक शहाणे झाले. 'वॉरक्राफ्ट' या खेळाच्या पोटात खेळणारांनी 'डोटा' नावाचा नवाच खेळ उभा केला. तो मुळापेक्षा मोठा झाला, आणि त्याच्या नावावरून ब्लिझर्ड व व्हॉल्व्ह या दोन कंपन्यांत वाद होऊन 2012 मध्ये तडजोड झाली. ब्लिझर्डने यावरून काय धडा घेतला? 2020 मध्ये त्याच खेळाची नवी आवृत्ती काढताना असे कलम घातले की, यापुढे खेळणारांनी त्यात जे रचले ते सर्वस्वी कंपनीच्या मालकीचे. कर्त्याने आपल्या नैतिक हक्कांवरही शक्य तितके पाणी सोडावे. न्यायालयात हे कलम किती टिकेल हा भाग निराळा. आम्ही एवढेच म्हणतो की, ज्या मापाने आपण त्या मुलास मोजले त्या मापाने हेही मोजावे.

प्रकाशकास काहीच बोलू देऊ नये असे नव्हे. 2005 मध्ये 'सॅन अँड्रियास' या खेळात एका मॉडने अश्लील प्रसंग उघडे केले आणि सगळ्या खेळावरच 'केवळ प्रौढांसाठी' असा शिक्का बसला. नुकसान प्रकाशकाचे झाले. (तो मजकूर तबकडीत दडवून ठेवला होता कोणी, हे विचारू नये.)

आपला 1957 चा कॉपीराइट कायदा या बाबतीत आम्हांस बराच समंजस वाटतो. कायदेशीर रीतीने मिळविलेल्या प्रतीवरून, स्वतःच्या वापरासाठी व नफ्याचा हेतू नसताना संगणक-प्रणालीचे रूपांतर करण्यास त्याचे कलम 52 मुभा देते. म्हणजे घरात बसून पाटी बदलणारा मुलगा तेवढ्यापुरता निर्धास्त आहे; वाटू लागला की मात्र संरक्षण सुटते. आणि कलम 57 म्हणते की, कर्त्याने आपले सर्व हक्क विकून टाकले तरी 'हे माझे' असे सांगण्याचा हक्क त्याच्यापाशी राहतो. स्वामित्व निराळे आणि कर्तृत्व निराळे, हा भेद आपल्या कायद्याने केलेला आहे.

आम्हां बदलीच्या नोकरीतल्या लोकांना तो निराळा शिकविण्याची गरज नसावी. सरकारी निवासस्थानाच्या वाटपपत्रात लिहिलेले असते की, परवानगीखेरीज वास्तूत फेरफार करू नयेत. आपण तरीही परसात कढीलिंब लावतो, ओट्याला फळी ठोकतो, देवघरासाठी कोनाडा शोधतो. बदलीचा हुकूम आला की झाड तेथेच राहते. ते सरकारचे झाले याबद्दल कोणाचीच तक्रार नसते. परंतु चार वर्षांनी त्या गावी काही कामाने जावे, आणि नव्या बिऱ्हाडकरूने ते झाड दाखवून "हे आम्ही लावले" असे सांगावे, तेव्हा पोटात जे तुटते ते मालकी गेल्याचे दुःख नव्हे. त्याने कढीलिंबाची पाने रोज तोडून नेली असती तर आपण उलट सुखावलो असतो.

त्या संध्याकाळी एवढे सगळे आम्ही बोललो नाही. इतकेच सांगितले की, पाटी तू बदललीस हे अवश्य लिही, पण पुसलेले नाव परत घाल. मुलगा हुशार आहे. थोडा वेळ फोनकडे पाहून तो म्हणाला, "घालतो, काका. पण त्या दादाने तरी एस. टी.चे चिन्ह घेताना महामंडळाला कुठे विचारले असेल?"

त्याचे वडील आमच्याकडे पाहू लागले. पाऊस थांबला होता, तरी आम्ही आणखी अर्धा तास बसलो. चिन्ह महामंडळाचे खरे. पण त्या मुलाने ते लपविले नव्हते की आपले म्हणून मिरविले नव्हते. उलट ती एस. टी.च आहे हे सर्वांना कळावे यासाठीच तर ते त्याने काढले होते. हे उत्तर आम्ही दिले. मुलाला ते पटलेले दिसले. त्याच्या वडिलांना, जे उभी हयात परवान्यांच्या फायलींत घालवीत आले आहेत, ते मुळीच पटले नाही. निघताना जिन्यात ते आम्हांला म्हणाले, "महामंडळाला एक पत्र टाकून विचारायला काय हरकत आहे?"