सात वाजताचा भोंगा

सवयी सुधारण्याचा मार्ग दाखविणारी पुस्तके हल्ली आपल्या मंडळ्यांतील तरुणांच्या हाती वारंवार दिसतात. हा प्रकार नवा नव्हे. सॅम्युएल स्माइल्स ह्यांचा ‘सेल्फ-हेल्प’ हा ग्रंथ १८५९ साली निघाला, आणि जेम्स क्लिअर ह्यांचे ‘अ‍ॅटॉमिक हॅबिट्स’ २०१८ साली. अशी पुस्तके निरुपयोगी आहेत, असे आम्ही म्हणत नाही. परंतु ती वाचीत असता मनास जो उत्साह येतो, तो काम उरकल्याच्या समाधानासारखा भासतो, आणि येथेच वाचक फसतो. पहाटे उठण्याचे फायदे मध्यरात्रीपर्यंत वाचीत बसणारे गृहस्थ आमच्या पाहण्यात आहेत! सद्गुणांची चर्चा करूनच आपण सद्गुणी होऊ असे मानणाऱ्यांस अ‍ॅरिस्टॉटलने रोग्यांची उपमा दिली आहे: ते वैद्याचे बोलणे लक्षपूर्वक ऐकतात, पण सांगितलेले पथ्य पाळीत नाहीत.

मग सवय जडते तरी कशी? ह्याचे उत्तर शोधण्यास आपणांस फार दूर जावयास नको. सातारा जिल्ह्यातील भिलार हे ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ झाले. तेथे पुस्तके लोकांच्या घरांतच मांडलेली आहेत. परंतु पुस्तक हाताशी असले म्हणजे ते उघडले जातेच असे नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव ह्या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. करोनाच्या काळात शाळा बंद होत्या, तेव्हा मुलांच्या हाती अभ्यासाकरिता मोबाइल आला. शाळा उघडल्या तरी तो सुटेना. म्हणून सायंकाळी सात वाजता देवळावरील भोंगा वाजावा आणि साडेआठपर्यंत दूरदर्शन व मोबाइल बंद ठेवून मुलांनी अभ्यास करावा, असे ठरले. प्रथम पुरुषांनी ही गोष्ट हसण्यावारी नेली. गावातील स्त्रियांनी मात्र ती उचलून धरली. ह्याचे आम्हांस मुळीच आश्चर्य वाटत नाही.

कोणी म्हणेल, शेजारी पाहतात म्हणून उघडलेले पुस्तक हा सद्गुण कसला? आक्षेप खरा आहे. लोकलज्जेने पाळलेला नियम अंतःकरणात उतरतोच असे नाही. तथापि आमचे मत असे आहे की, एकट्याच्या निश्चयावर भिस्त ठेवणे हीच त्या पुस्तकांची उणीव होय. ज्या घरी बाप स्वतःचा मोबाइल फळीवर ठेवतो, तेथे मुलास धाक घालावा लागत नाही. “माझा कामाचा फोन आहे” असे तो म्हणू लागला की मुलाने काय समजावयाचे? आपल्या घरांतील सायंप्रार्थनेविषयीही वाचकांनी हाच विचार करून पाहावा.

त्या वर्षी चौथीत असलेली वडगावची मुले २०२९ साली दहावी होतील. पुढे त्यांतील कित्येक कऱ्हाडास, सांगलीस, पुण्यास खोली घेऊन राहतील. तेथे सात वाजता भोंगा कोण वाजविणार?