बकनरच्या पायांतून गेलेला चेंडू



व्यभिचारात सापडलेल्या स्त्रीचे शुभवर्तमान आज आपण ऐकले. तिच्याभोवती जमलेल्यांच्या हातात दगड होते. दगड न उचलताही माणसाला कसे घायाळ करता येते, हे अमेरिकेतील बेसबॉलच्या एका सामन्यानंतर दिसले.

२५ ऑक्टोबर १९८६ ची रात्र, न्यूयॉर्कचे शिया स्टेडियम. ‘वर्ल्ड सिरीज’ म्हणजे अजिंक्यपदाची मालिका. चार सामने आधी जिंकेल तो विजेता. बोस्टनच्या रेड सॉक्स संघाने तीन जिंकले होते, न्यूयॉर्कच्या मेट्सने दोन. बोस्टनला १९१८ नंतर हे अजिंक्यपद मिळालेच नव्हते. सहाव्या सामन्यातली बरोबरी सुटेना म्हणून तो दहाव्या डावात गेला. बोस्टनने ५-३ अशी आघाडी घेतली, मेट्सचे पहिले दोघे बाद झाले. आणखी एक बाद केला की संपले!

पण मेट्सच्या तिघांनी लागोपाठ फटके मारले, एक धाव आली. बोस्टनने गोलंदाज बदलला. नव्याचा चेंडू वाकडा गेला, मागच्या खेळाडूला अडवता आला नाही आणि बरोबरी झाली. मग मूकी विल्सनने मारलेला चेंडू जमिनीवरून बिल बकनरकडे आला. बकनर छत्तीस वर्षांचा, घोटे दुखावलेले. आधीच्या तिन्ही विजयांत शेवटी त्याच्या जागी दुसऱ्याला उभे केले गेले होते. त्या रात्री केले नाही. तो वाकला आणि चेंडू त्याच्या दोन्ही पायांमधून मागे गेला. मेट्स ६-५ ने जिंकले.

दोन दिवसांनी सातवा सामना झाला. त्यात बोस्टन ३-० ने पुढे होते, तरी ८-५ ने हरले. ते कोणाला आठवत नाही. आठवण राहिली ती एका चेंडूची. बकनरला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. बावीस हंगाम खेळलेल्या माणसाची तेवढीच ओळख उरली. पुढे तो कुटुंबासह दूर आयडाहो राज्यात राहायला गेला.

लेवीय या पुस्तकात एक विधी आहे. सर्व लोकांची पापे एका बकऱ्याच्या डोक्यावर ठेवायची आणि त्याला रानात सोडून द्यायचे. बकऱ्याने काही केलेले नसते, पण गावाला हलके वाटते!

८ एप्रिल २००८ रोजी बोस्टनने बकनरला आपल्या मैदानावर बोलावले. लोक उभे राहिले, टाळ्या थांबेनात, त्याचे डोळे भरून आले. चांगलेच झाले. पण खरे सांगायचे तर तोवर बोस्टनने २००४ आणि २००७ ची अजिंक्यपदे जिंकली होती. घाव भरल्यावर क्षमा सोपी जाते. शिवाय क्षमा कशाची? चूक आणि पाप यांत फरक आहे. त्याच्याशी मैत्री कोणी केली म्हणाल, तर तो चेंडू मारणाऱ्या विल्सनने. २०१९ मध्ये बकनर वारला.

प्रभू येशू मात्र लोकांच्या हातात दगड असतानाच त्या स्त्रीच्या बाजूने उभा राहिला. ती तर पापी होती, आणि पुन्हा पाप करू नको असे त्याने तिला बजावलेही. पण आधी दगड खाली पडले. वडीलधारी माणसे सर्वांत अगोदर निघून गेली, हे योहान आवर्जून लिहितो.

आपल्याकडे जमिनी विकल्या गेल्या. कागदावर सह्या साऱ्या भावंडांच्या, पैशांचे वाटे साऱ्यांना, आणि आज दोष मात्र व्यवहार करणाऱ्या एका भावाचा! त्याला लग्नाचे आमंत्रण नाही, मयताला गेला तरी कोणी बोलत नाही. त्याच्याही हातून काही चुकले असेल. सगळेच त्याचे होते काय?

शुक्रवारी क्रुसाच्या वाटेनंतर पापनिवेदन आहे. त्याआधी जमले तर त्या भावाच्या ओट्यावर घटकाभर जाऊन बसा. जमीन परत मिळण्याची वाट पाहू नका.