मुक्या जीवाची अमानत

बारामती-इंदापूरकडील वाड्यावस्त्यांवर धान्याला उंदीर लागू नयेत म्हणून मांजर पाळले जाते. मुलांचा त्याच्यावर जीव जडतो. पण तेच मांजर दुधात तोंड घालते, अंथरूण घाण करते, तेव्हा घरचेच त्याच्यावर चिडतात. माया आणि वैताग एकाच मनात नांदतात. हा गुन्हा आहे काय?

सहीह बुखारी व सहीह मुस्लिममधील प्रसिद्ध हदीस येथे मार्ग दाखवते. एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवले. त्याला खाऊ घातले नाही आणि जमिनीवरचे किडे-मुंग्या खाऊन जगावे म्हणून मोकळेही सोडले नाही. मांजर मेले, ती शिक्षेस पात्र ठरली. तिच्या मनात मांजराविषयी काय होते, याची चर्चा हदीसमध्ये नाही. जाब भावनेचा नव्हे, वागणुकीचा आहे.

मग कंटाळा आल्यावर मांजर पोत्यात घालून भिगवणच्या मासळी बाजारात सोडून येणे, ही ‘मोकळीक’ ठरेल काय? हदीसमधील मोकळीक पोट भरण्यासाठी होती. घरी उंदीर पकडणाऱ्या मांजरालाही परकी जागा आणि तेथील कुत्री भयभीत करतात. ते दडून बसते, खाणे टाकते. त्याचे भय मुके असले तरी खरे असते. सूरह अनआममध्ये (६:३८) प्राण्यांना आपल्यासारखेच समुदाय म्हटले आहे.

वैताग येणे मानवी आहे. परंतु वैतागाच्या दिवशीही त्याची वाटी भरणे, हीच अमानतीची अदायगी होय.