सहीचें मोल

हस्ताक्षरें जमविण्याचा छंद आपल्याकडे नवा नाहीं. व्याख्यान संपतांच वक्त्यापुढें वह्या धरणारे तरुण गिरगांवानें पुष्कळ पाहिले. दादरच्या शिवाजी पार्काभोंवतीं वाढलेल्या पिढ्यांनीं वहीऐवजीं बॅट किंवा चेंडू पुढें केला. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत मुंबईच्या संघानें सलग पंधरा वेळां रणजी करंडक जिंकला. त्या काळच्या सह्यांचा एखादा चेंडू आज कपाटांत सांपडला, तर त्यास गिऱ्हाईक मिळावयास वेळ लागत नाहीं. ह्यांत वावगें तें काय, असें आम्हांसही वाटे. परंतु एका घरच्या हकीकतीनें आम्हांस विचारांत पाडलें.

लालबागच्या चाळींत राहणारे आमचे एक वृद्ध स्नेही कापडाच्या गिरणींत कामास होते. तरुणपणीं त्यांनीं त्या विजयी संघांतील खेळाडूंच्या सह्या एका जुन्या चेंडूवर मिळविल्या होत्या. जानेवारी १९८२ मध्यें गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारें अडीच लक्ष कामगारांची मिळकत थांबली. महिन्यामागून महिने गेले. घरांतील तांब्यापितळेचीं भांडीं मोडींत गेलीं. मागोमाग पत्नीच्या पाटल्या गेल्या. त्याच सुमारास एका धनिकानें चेंडूबद्दल चांगली रक्कम देऊं केली. "असल्या सह्या विकायच्या नसतात," एवढेंच बोलून त्यांनीं ती नाकारली.

ही गोष्ट ऐकणारा सहसा त्यांची वाहवा करतो. आम्हींही केली. तेव्हां वहिनी शांतपणें म्हणाल्या, "पाटल्या माझ्या आईनं दिल्या होत्या, भावोजी. त्यांवर कुणाची सही नव्हती, म्हणून का त्या विकायच्या झाल्या?" आम्हांस तेव्हां उत्तर सुचलें नाहीं.

सही म्हणजे तरी काय? एका मनुष्याचा हात येथें टेकला होता, ह्याची ती खूण. मोल आहे तें त्या हाताचें. शाई केवळ साक्षी. परंतु कोणाच्या हाताची साक्ष मानावयाची, हें ठरवितांना आपण न्यायानें वागतोंच असें नाहीं. पालवणकर बाळू ह्यांनीं १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत ११४ बळी मिळविले. त्यांच्याच हातचा चेंडू पुण्याचे सवर्ण खेळाडू मैदानावर निःशंकपणें झेलीत. चहा मात्र त्यांना बाहेर, मातीच्या भांड्यांत देत. हात तोच, चेंडूवर तो चालला, पेल्यावर चालला नाहीं.

आणि ज्यांच्या सह्या आपण पूजितों, त्यांना तरी आपण एकनिष्ठ असतों काय? १९७१ मध्यें अजित वाडेकरांच्या नेतृत्वाखालीं भारतानें वेस्ट इंडीज व इंग्लंड ह्या दोघांनाही त्यांच्याच भूमीवर हरविलें. इंदुरास त्या विजयाची स्मृति म्हणून काँक्रीटची प्रचंड बॅट उभारून तिजवर खेळाडूंचीं नांवें घातलीं गेलीं. १९७४ मध्यें वाडेकरांचाच संघ लॉर्ड्सवर ४२ धावांत गारद झाला, मालिका ३-० अशी गेली, आणि लोकांनीं तीच बॅट विद्रूप केली. नांवें बदललीं नव्हतीं. बदलला होता तो आपला अभिमान. पुष्कळदां आपण पूजितों तो पुरुष नसून त्याच्या विजयांतील आपला वांटा असतो.

म्हणून सह्या फेंकून द्याव्या, असें आमचें म्हणणें नाहीं. कांहीं वस्तु पैशानें मोजूं नयेत, ही भावना ज्या घरांत नाहीं, तें घर गरीबच समजावें. आमच्या स्नेह्यांचें चुकलें तें चेंडूवर प्रेम करण्यांत नव्हे. त्या प्रेमाची किंमत त्यांनीं दुसऱ्याच्या हातांतून काढून दिली, येथें चुकलें. भक्तीसाठीं त्याग करावयाचा तर तो स्वतःच्या वांट्यांतून करावा. आणि दुसऱ्याच्या वांट्याला हात घालणें अटळच झालें, तर निदान त्याला आधीं विचारावें. वहिनींना कोणी विचारलें नव्हतें.

परवां आम्ही त्यांच्याकडे गेलों असतां स्नेह्यांनीं चेंडू काढून पत्नीच्या हातांत दिला आणि म्हणाले, "ह्याचं काय करायचं, तें आतां तूं ठरव." वहिनींनीं तो क्षणभर पाहिला, पुन्हां फडक्यांत गुंडाळला आणि कपाटांत ठेवला. आजवर तो चेंडू घरांत होता. त्या दिवशीं तो घराचा झाला.