पदरमोडीचं पुस्तक

आपल्यातला एखादा पोरगा पदरमोड करून कथासंग्रह काढतो, की साहित्यातले शहाणे नाक मुरडतात. म्हणे, प्रकाशक मिळाला नाही म्हणून स्वतःच छापलं. जणू प्रकाशकाचा शिक्का म्हणजे कथेच्या जातीचा दाखला!

३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केला. पैसे देऊ केले तरी 'केसरी'नं त्याची जाहिरात छापली नाही. शाहू महाराजांनी २५०० रुपये दिले. स्वतः काढलं म्हणून ते पत्र कमअस्सल ठरलं काय?

पण मला टोचतो तो दुसराच सवाल. पुस्तक आपणच छापायचं ठरलं, की नाही म्हणणारा कुणी उरत नाही. गिरणीत धागा तुटला तर जॉबर बोंबलतो. कथेत तुटला तर कोण बोंबलणार? आपल्या कथेत माय येते, शेजारीण येते. तिची उपासमार, तिची अब्रू आपण पानावर मांडतो. तिला विचारलं का? छपाईचे पैसे मी भरले म्हणून तिचं दुःख माझ्या मालकीचं होत नाही.

तेव्हा छापखान्यात जाण्याआधी कथा वस्तीत वाचावी. विहारात, बायाबापड्या समोर बसवून. एखादी म्हातारी म्हणेल, "बाळा, हे असं नव्हतं रं." तर ते पान फाडायची छाती पाहिजे. संपादकाच्या नकारापेक्षा हा नकार जड जातो.

आणि कार्यकर्त्यांनो, पुस्तक निघालं की भेट म्हणून प्रत मागू नका. विकत घ्या. पगारापर्यंत उधार चालेल.