मिळाला!

बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून गंधवानीहून नाशिकला गेले. आषाढ लागलेला, चातुर्मासाला आठच दिवस उरलेले. तिथे भाच्याने गळ घातली, “मावशी, मोटारींची रॅली बघायला चल, फोटो तू काढ. बावनगजाच्या यात्रेत काढून काढून तुझा हात बसलाय.” गेले.

नाशिककडची ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ मोटारशौकिनांना ठाऊक आहे. गाड्या एकदम सुटत नाहीत. ठराविक अंतराने एकेक सुटते. चालवणाऱ्याच्या शेजारचा वहीतून पुढची वळणं वाचून सांगतो, नि घड्याळ निकाल लावतं. आपण झाडाखाली उभं राहून एका वळणाची वाट बघायची.

पाऊस धो-धो. कॅमेऱ्यावर दुधाची पिशवी कापून बांधली होती, तरी काच सारखी पुसावी लागे. भाचा छत्री धरून कानात सांगत होता : शटर थोडं सावकाश ठेव, म्हणजे पाण्याचा फवारा लांब दिसेल. वळणाच्या बाहेरच्या अंगाला नको, आतल्या उंचवट्यावर उभी राहा. गाडी घसरली तर बाहेरच जाते. पण फोटो तिकडूनच छान येतो हो! दोरी ओलांडून तिकडे गेलेल्या पोरांवर स्वयंसेवक शिट्ट्या फुंकून थकला होता.

सहा-सात गाड्या नीट गेल्या. फोटो नीटच, म्हणजे बेचव. मग एक आली, चिखलात गर्रकन फिरली, मागचं चाक चरात गेलं. माझं बोट दाबलेलंच होतं. आणि मनात पहिला शब्द उमटला तो “मिळाला!” दुसरा, “लागलं का कुणाला?” मधे किती क्षण गेले, मोजले नाहीत. दोघेही हसत होते. लोकांनी ढकलून गाडी बाहेर काढली.

रात्री झोप लागेना. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायातला तो हिशेब आपण सगळ्याच ऐकतो : संरंभ, समारंभ, आरंभ, मन, वचन, काया, कृत, कारित, अनुमत, आणि चार कषाय. गुणाकार केला की एकशे आठ. मी गाडी चालवली नाही, कुणाला चालवायला लावली नाही. उरलं अनुमत. पण मी नुसतं मान्य केलं होतं का? घसरावी म्हणून वाटच बघत होते ना!

भाच्याला म्हटलं तर तो म्हणाला, “मावशी, त्यांनी हौसेने धोका पत्करलाय, आपण काय करणार?” त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. पण 1986 च्या मार्चमध्ये पोर्तुगालच्या रॅलीत, सिंत्राजवळ, बघ्यांची गर्दी रस्त्यावरच उतरली होती. त्यांना चुकवताना एका चालकाचा ताबा सुटला आणि तिघे गेले, तिसाहून अधिक जखमी झाले. मोठ्या कंपन्यांचे संघ तिथूनच माघारी फिरले. ते बघणारे दुष्ट नव्हते. त्यांनाही गाडी जवळून हवी होती, इतकंच.

रस्त्यावर शेजारणीचं भांडण पेटलं की आपण खिडकी किती उघडतो? टीव्हीवर पूर आला की चॅनेल का बदलत नाही? हे मी स्वतःलाच विचारते आहे, कुणी रागावू नका.

फोटो सुंदर आलाय. चिखलाचा पंखा, त्यात लाल गाडी, काचेआडून एक चेहरा. भाच्याने परवा फोनवर विचारलं, “मोठा करून तुझ्या दिवाणखान्यात लावायला पाठवू का?”

बघते म्हणाले. अजून सांगितलेलं नाही.